आईच्या ताटाचा हक्क

(घाटकोपर येथे महिलांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी गरोदर स्त्री, बाळंतीण आणि लहान मूल यांचा आहार व आरोग्य हा विषय ठेवण्यात आला आहे. सभेची वार्ता वस्तीत पसरली तेव्हा काही तरुण कार्यकर्ते मला भेटले व म्हणाले, "बाई, हा विषय बायकांनी चुलीपाशी बसून बोलण्याचा. हक्कांच्या चळवळीने त्यासाठी व्यासपीठ कशाला अडवावे?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर मी त्यांना एकट्यांना न देता आपणा सर्वांपुढे देणार आहे.

आपण घाटकोपरात जमलो आहोत. माता रमाबाईंचे नाव धारण करणारी वसाहत याच घाटकोपरात वसली. त्या नावाचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या नावामागे केवढे दुःख आहे याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. रमाबाईंना पाच अपत्ये झाली. त्यांतले एकटे यशवंत जगले. गंगाधर गेला, रमेश गेला, मुलगी इंदू गेली आणि १९२६ साली लाडका राजरत्नही गेला. स्वतः रमाबाई १९३५ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, दीर्घ आजाराने निवर्तल्या. परळच्या चाळीतील ती कोंदट खोली, अर्धपोटी दिवस, पती परदेशी शिकत असता एकटीने ओढलेला प्रपंच, हे सर्व आपण जाणता. ज्याच्या विद्वत्तेपुढे पुढे साऱ्या देशाने मान लवविली, त्याच्या घरातूनही गरिबीने चार लेकरे उचलून नेली.

आता सालांकडे लक्ष द्या. राजरत्न गेला १९२६ साली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद झाले आणि २८ जुलै १९२८ रोजी त्यांनी त्या कौन्सिलात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणापूर्वी काही काळ आणि बाळंतपणानंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा भार मुख्यत्वे सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांच्या कल्याणाची जबाबदारी सरकारची. आणि मालकानेही त्यात वाटा उचलला पाहिजे, कारण स्त्रीला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या भाषणात त्यांनी स्वतःच्या घराचा उल्लेख केला नाही. परंतु बोलणाऱ्या माणसाने दोनच वर्षांपूर्वी आपले मूल मातीआड केले होते, हे आपण विसरू नये.

तेव्हा त्या तरुण मित्रांना माझे उत्तर असे की, आईच्या आहाराचा प्रश्न चुलीपाशी ठेवायचा की विधिमंडळात न्यायचा, याचा निर्णय १९२८ सालीच झालेला आहे. बाबासाहेबांनी तो विधिमंडळात नेला. आपण तो पुन्हा चुलीपाशी आणून ठेवणार काय?

त्या काळची मुंबई कशी होती? १९२१ साली या शहरात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भकांचे मृत्यू नोंदले गेले. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्मांची नोंद इथे कमी होई आणि हा आकडा वास्तवाहून मोठा दिसतो, हे मान्य केले तरी तो अंगावर काटा आणणारा आहे. गिरणीतील बाई कळा सुरू होईपर्यंत कामावर उभी राही. मूल झाल्यावर पोटासाठी तिला लवकरच परत जावे लागे. मागे राहिलेले तान्हे रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली बाळगोळी दिली जाई. मूल झोपे, दूध मागत नसे, आणि वाळत जाई. या पार्श्वभूमीवर १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूतिभत्ता कायदा झाला. अशा स्वरूपाचा तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होय.

आज ती मुंबई राहिली नाही. देवी गेली, बहुतेक बाळंतपणे रुग्णालयांत होतात, लसी मिळतात, बाळगोळी इतिहासजमा झाली. ही प्रगती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मुले जगू लागली म्हणजे ती पोसली जाऊ लागली, असे समजणे ही फार मोठी चूक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. महाराष्ट्रात शंभर गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ४६ जणींच्या अंगात पुरेसे रक्त नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी ६९ मुले रक्तक्षयी आहेत. पाच वर्षांखालील शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. आणि साऱ्या देशाचा हिशेब जातवार मांडला तर अनुसूचित जातींच्या मुलांत खुजेपणाचे प्रमाण शंभरात ३९ आहे, तर कोणत्याही आरक्षित वर्गात न मोडणाऱ्यांच्या मुलांत ते तीसच्या आसपास आहे.

हा फरक रक्तातून आलेला नाही. कोणत्याही जातीचे मूल जन्मतः खुजे नसते. कमी वयात लग्न, एका पाठोपाठ एक बाळंतपणे, पाण्याच्या नळाची रांग, उघडे गटार, वारंवार होणारे जुलाब, हातावरचे पोट, आणि घरातल्या बाईचे रिकामे ताट, या सर्वांची ती बेरीज आहे. पूर्वी आपल्याला सांगत असत की, हे मागल्या जन्मीचे भोग आहेत. त्या शिकवणीचा आपण त्याग केला आहे. तेव्हा कारण शोधणे आणि ते दूर करणे, एवढाच मार्ग आता आपल्याला उरतो.

कारणांचा शोध आपल्याच उपनगरात कसा घेण्यात आला, ते मी आपणांस सांगते. २००६ सालापासून वांद्रे, खार आणि अंधेरी या भागांतील झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग झाला. 'सरस' या नावाने तो ओळखला जातो. डॉ. रमेश पोतदार व त्यांचे सहकारी आणि इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरोलिन फॉल यांनी तो चालविला. सहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांनी त्यात भाग घेतला. अर्ध्या स्त्रियांना हिरवी पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला अल्पोपाहार रोज देण्यात आला. उरलेल्या अर्ध्यांना बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. यात विशेष हा की, खाणे दिवस राहिल्यावर सुरू केले नाही, त्याच्या आधीपासूनच सुरू केले.

निष्कर्ष काय निघाला? सर्व स्त्रियांचा एकत्र विचार केला तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. परंतु ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने हा आहार घेतला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची भरली. अतिशय कृश असलेल्या मातांच्या बाळांत मात्र ही वाढ आढळली नाही. दुसरी गोष्ट अशी की, पालेभाजी, फळे व दूध मिळालेल्यांत गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण शंभरात सात होते आणि दुसऱ्या गटात ते बारा होते.

भगिनींनो, ४८ ग्रॅम म्हणजे तराजूत एक अंडे. एवढ्याशा वजनासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण या प्रयोगाचा खरा धडा वजनाच्या पुढचा आहे. बाईची आयुष्यभराची उपासमार नवव्या महिन्यात वाढलेल्या एका वाटीने भरून निघत नाही, हा तो धडा आहे. जी मुलगी बाराव्या वर्षी भावाच्या उरलेल्या दुधावर वाढली, अठराव्या वर्षी लग्न होऊन सासरी शेवटच्या पंगतीला बसली, तिच्या हाडामांसात बाळाला द्यायला काही शिल्लकच राहिलेले नसते. म्हणून आईचा आहार मुलगी लहान असतानाच सुरू होतो. आज आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीच्या ताटात तुम्ही जे वाढता, ते तुमच्या नातवंडाच्या अंगी लागणार आहे.

आता मी घराच्या उंबऱ्याच्या आत येते. सरकारला जाब विचारण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने आधी स्वतःच्या घराला जाब विचारला आहे.

माझी आई सर्वांची जेवणे झाल्यावर जेवायला बसे. टोपलीत उरेल ती भाकरी आणि भांड्याला लागलेले कालवण पुसून ती उठे. "तू काय खाल्लेस?" असे आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारले नाही. आम्ही त्याला तिची माया म्हणत होतो. आज मला कळते की, त्या मायेच्या नावाखाली आम्ही सर्वांनी मिळून तिचा वाटा खाल्ला. घरात अन्न थोडे असेल तर ते सर्वांनी थोडे थोडे खावे, हा न्याय झाला. सर्व थोडेपण एकटीच्या वाट्याला यावे, हा न्याय नव्हे. आणि जिच्या पोटात आणखी एक जीव वाढतो आहे, तिच्या वाट्याला ते यावे, हा तर उघड अन्याय होय.

गरोदर स्त्रीला रोजच्या आहारापेक्षा सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने त्याहूनही अधिक, म्हणजे सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. आपल्याकडे मात्र नेमके उलट घडते. डोहाळजेवणापर्यंत सून कौतुकाची असते आणि मूल झाले की सर्वांचे डोळे पाळण्याकडे वळतात. बाळंतिणीला पालेभाजी देऊ नका, बाळाला हगवण लागेल. फळ देऊ नका, सर्दी होईल. पाणी बेताने द्या, पोट सुटेल. अशी एक लांबलचक यादी शेजारीण, मावशी आणि आत्या तिच्यापुढे वाचतात. या यादीला कसलाही आधार नाही. पालेभाजीवाचून रक्त कसे भरावे, आणि पाण्यावाचून दूध कोठून यावे? त्याचप्रमाणे मूल लहान राहिले तर सुटका सोपी होईल म्हणून गरोदरपणी पोट मारणे हाही घातक समज आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल जन्मतःच धोक्यात असते.

जुने ते सारे टाकाऊ, असे मी म्हणत नाही. आळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, लसूण यांत आपल्या आज्यांचे शहाणपण आहे. ते ठेवावे. जे बुद्धीला पटते ते ठेवावे आणि जे पटत नाही ते टाकावे, ही कसोटी आपण इतर बाबतींत लावतो. तीच इथेही लावू या.

एका रूढीबद्दल मात्र मला कठोर बोलले पाहिजे. अजूनही कित्येक घरांत बाळंतिणीला दहा-बारा दिवस वेगळे बसवतात. तिचे ताट वेगळे, तिची चटई वेगळी, तिने कशाला शिवायचे नाही. याला विटाळ म्हणतात. बंधूंनो, ज्या समाजाने शतकानुशतके विटाळाचे चटके सोसले, पाणवठ्यावरून हाकलले जाणे म्हणजे काय हे ज्याने भोगले, त्याच समाजाने आपल्या मुलाला जन्म देणाऱ्या बाईला अस्पर्श मानावे, याहून मोठी विसंगती कोणती? चवदार तळ्याचे पाणी आपण सर्वांसाठी मागितले. त्या सर्वांत आपल्या घरची बाळंतीणही आली. तिला विश्रांती द्या, बाळापाशी निवांत निजू द्या. पण ती विश्रांती मानाची असू द्या, विटाळाची नको.

तीच गोष्ट पहिल्या दुधाची. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर, दाट चीक वाईट समजून पिळून टाकतात आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवतात. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस होय. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावे आणि पुढे सहा महिने आईच्या दुधाखेरीज त्याच्या तोंडात काहीही घालू नये, पाण्याचा थेंबदेखील घालू नये. औषध डॉक्टरांनी सांगितले तरच द्यावे. आईच्या दुधाचे मोल वैद्यकशास्त्र किती मानते पाहा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांसाठी तेथे इतर मातांनी दिलेले दूध जपून ठेवले जाते. त्या दुधाला जात विचारली जात नाही. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना १९९२ सालच्या कायद्याने या देशात बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे आणि कोणी डबा गळ्यात मारू लागले तर ते त्याला ऐकवावे.

"हे सारे खरे, पण आणायचे कोठून?" असे आपण विचाराल. मी बदाम-पिस्त्यांची गोष्ट सांगायला आलेली नाही. मोड आलेली मटकी, चवळी, हरभरे, भाजलेले शेंगदाणे, नाचणीची भाकरी, लाल माठ, शेवग्याचा पाला, अंडे, आणि आपल्या मुंबईचे सुके बोंबील, जवळा, सुकट, हे बाजारात मिळणारे आणि आपल्या हातच्या चवीचे अन्न आहे. त्यावर लिंबू पिळा. लिंबू, आवळा किंवा पेरू जेवणाबरोबर असला तर डाळी-भाजीतले लोह अंगाला लागते. चहा नेमके उलटे करतो. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा ते लोह अडवून धरतो. सकाळी चहा-खारीवर घराबाहेर पडून, चार घरची धुणीभांडी करून, दुपारी तीन वाजता पुन्हा चहा घेणारी आपली बहीण दिवसभर पोटाला फसवीत असते. तिने पदराला मूठभर शेंगदाणे-चणे आणि एक केळे बांधून न्यावे, एवढे तरी तिचे घर तिच्यासाठी करू शकते.

आणखी काही गोष्टी नियमाने करावयाच्या. पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात नाव घालावे आणि बाळंतपणापर्यंत किमान चार वेळा तपासणी करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ साली सुरू झाली, तिचा लाभ घ्यावा. रक्त तपासल्यावर आकडा विचारावा. गरोदरपणी तो ११ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजावा. ७ पेक्षा कमी असेल तर एक दिवसही घालवू नये. पहिले तीन महिने फॉलिक आम्लाची गोळी, पुढे लोहाची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची असते. तिने शौचाला काळे होते, क्वचित मळमळते. त्यात भिण्यासारखे काही नाही. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. कपाटातल्या डब्यात साठवून ठेवलेल्या गोळ्यांनी रक्त वाढत नाही, हे मी हसत सांगत असले तरी त्यामुळे किती बायका मृत्यूच्या दारात गेल्या आहेत, हे प्रसूतिगृहातील परिचारिकांना विचारा. चेहऱ्यावर-हातावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही झाले तर बाहेरची बाधा शोधू नका, नजर उतरवीत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याला वरचे अन्न हवे. डाळीचे नुसते पाणी, भाताची पेज यांनी त्याचे पोट भरते, अंग भरत नाही. डाळ-भात नीट कुस्करून, त्यात चमचाभर तेल किंवा तूप घालून, उकडलेली भाजी, पिकलेले केळे, अंड्याचा बलक असे घट्ट अन्न द्यावे. पहिल्यांदा दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि वर्षाच्या मुलाला त्याची स्वतःची वेगळी वाटी असावी, म्हणजे त्याने किती खाल्ले हे कळते. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. चहा-बिस्किटे आणि पाकिटातले तिखट-खारे खाद्य ही आजची बाळगोळी आहे. त्याने मूल गप्प बसते, पण भूक मरते. आपल्या देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी केवळ अकरा मुलांना पुरेसा आहार मिळतो, असे त्याच पाहणीत दिसून आले. म्हणजे उरलेली एकोणनव्वद मुले अपुऱ्या ताटावर वाढत आहेत.

इथवर मी घराचे कर्तव्य सांगितले. आता राज्याचे सांगते. जी स्त्री आठ तास राबून तीनशे-चारशे रुपये आणते, तिला "फळे खा, दूध पी" असा उपदेश करून मोकळे होणे ही क्रूर थट्टा ठरेल, जर तिच्या पाठीशी कायदा उभा नसेल तर. कायदा उभा आहे. आपल्या घटनेच्या ४२ व्या कलमाने प्रसूतिसाहाय्याची आणि ४७ व्या कलमाने जनतेच्या पोषणाचा दर्जा उंचावण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २०१३ सालच्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ती जबाबदारी आपल्या हक्कात बदलली. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिने प्रत्येक स्तनदा मातेला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळाला पाहिजे. मूळ कायद्यात तो ६०० उष्मांकांचा व १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा ठरविला होता. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला ५०० उष्मांकांचा आहार, आणि कुपोषित मुलाला ८०० उष्मांकांचा, असे तेव्हा ठरले होते. आहार मिळाला नाही तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता मागण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. अंगणवाडीतला तो शिधा म्हणजे कोणाची कृपा नव्हे. तो मान खाली घालून घेऊ नका. आणि आईच्या नावाने आलेला शिधा सगळ्या घराने वाटून खाल्ला, तर तिचा हक्क आपणच लुटला असे होईल.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि त्यांत आपल्या मुंबईची धारावी होती. तरीही उपनगरांतील अनेक वस्त्यांत, टेकड्यांच्या उतारावर, नाल्यांच्या काठी, आजही आई विचारते, "आमची अंगणवाडी कोठे आहे?" अशा वस्तीने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी असा आदेश दिला की, ज्या झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तेथील रहिवाशांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यांना अंगणवाडी दिली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही त्या आदेशात आहे. चाळीस मुले! आपल्या दोन गल्ल्यांत चाळीस मुले नाहीत काय? तेव्हा एक वही घ्या, घरोघर जा, मुलांची नावे व जन्मतारखा लिहा, आयांच्या सह्या घ्या, ज्यांना सही येत नाही त्यांना ती शिकवा, आणि तो अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका.

रुग्णालयाचे हक्कही समजून घ्या. २०११ पासून सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेने झाले तरी, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील जेवण, येण्याजाण्याची गाडी, सारे त्यात येते. राजावाडी, कूपर, कांदिवलीचे बाबासाहेबांच्या नावाचे रुग्णालय, ही आपल्या कराच्या पैशांवर चालणारी आहेत. तेथे आपण याचक म्हणून जात नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. कायदा मात्र प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपये म्हणतो. कायदा आणि योजना यांतील हे अंतर सरकारने भरून काढले पाहिजे, ही मागणी आपण सोडता कामा नये. बाळंतपणाला माहेरी जाल किंवा वस्ती हलल्यामुळे दुसरीकडे राहायला जाल, तेव्हा माता व बालसंरक्षण कार्ड बरोबर न्या आणि नव्या अंगणवाडीत ताबडतोब नाव नोंदवा.

एक मोठी उणीव अजून उरली आहे. १९२८ साली मागितलेली विश्रांती आज कोणाला मिळते? १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत सव्वीस आठवडे पगारी रजा दिली आणि ती तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. पण ती कारखान्यांतील व दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांतील स्त्रीसाठी. मुलुंडच्या इमारतीत भांडी घासणारी, बोरिवलीच्या नाक्यावर भाजी विकणारी, घरात बसून मणी ओवणारी आपली बहीण त्या रेषेच्या बाहेर राहते. तिची रजा म्हणजे बुडालेला पगार, आणि पुष्कळदा गेलेले काम. घरकामगार भगिनींनी २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात, आणि बांधकामावरील भगिनींनी त्यांच्या मंडळात नाव नोंदवावे. परंतु तेवढ्याने भागणार नाही. राबणाऱ्या प्रत्येक स्त्रीला, तिचा मालक एक असो की दहा, बाळंतपणाची पगारी विश्रांती मिळाली पाहिजे, ही आपली मागणी राहील. बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारवर टाकला, तो याचसाठी. जिला मालकच नाही, तिला सरकार आहे.

जाता जाता अंगणवाडी सेविकेविषयी दोन शब्द. शिधा उशिरा आला की आपण तिच्यावर ओरडतो. ती आपल्यासारखीच वस्तीत राहणारी, मानधनावर राबणारी बाई आहे. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविकांना वेतनासाठी संपावर जावे लागले. ती आपली शत्रू नाही. आपली तक्रार वरच्या कार्यालयाकडे न्या आणि तिला बरोबर घेऊन न्या.

माझे भाषण मी तीन गोष्टींनी संपविते. पहिली गोष्ट बंधूंसाठी. आज रात्री घरी गेल्यावर आपल्या पत्नीचे, आईचे, सुनेचे ताट आपल्याबरोबर वाढा आणि तिच्या ताटात काय आहे ते डोळ्यांनी पाहा. दुसरी गोष्ट सासवांसाठी. आपल्याला जे मिळाले नाही, ते सुनेला द्या. विटाळाची चटई गुंडाळून टाका. तिसरी गोष्ट आपल्या महिला मंडळांसाठी. या महिन्यात वस्तीतील प्रत्येक गरोदर स्त्रीचे, बाळंतिणीचे आणि सहा वर्षांखालील मुलाचे नाव एका वहीत लिहून काढा. कोणाला गोळ्या मिळाल्या, कोणाला शिधा मिळाला, कोणाचे वजन घटले, हे त्या वहीत दिसले पाहिजे. पुढल्या सभेला हारतुरे आणू नका, ती वही आणा.

रमाबाईंच्या चार लेकरांची नावे मी आरंभी घेतली. त्यांच्या घरी तेव्हा कोणी अशी वही घेऊन गेले नव्हते. आपण जाऊ शकतो.

जय भीम.